रिकाम्या गाडीचं वजन

सावद्याला आमचा साठ टनांचा काटा आहे.
आधी रिकामी गाडी, मग भरलेली,
वजाबाकी म्हणजे केळी.
एकवीस वर्षं मी हीच वजाबाकी करतो,
पावती फाडतो, सुटे पैसे नाहीत म्हणतो.

जळगावला डॉक्टर नेहेत्यांनी मलाच काट्यावर उभं केलं.
शहाण्णव.
"मोठ्या बहिणीला आतड्याचा होता ना?"
होता. हा शब्द आत पोचायला
जरा वेळ लागला.
"चौदा किलो उतरवा. धोका कमी होतो.
जातो, असं मी म्हटलेलं नाही."
कुंदा नुसती सोबत आली होती,
तिलाही चपला काढायला लावल्या.

परतीच्या एसटीतच आमचे दोन पक्ष झाले.

तिने वही घातली. ग्रॅमचा छोटा काटा आणला,
एवढासा, साबणाच्या वडीइतका.
कळण्याची भाकरी, अर्धी. शेंगदाणे, मोजून वीस.
तेल चमच्याने, चमचा सपाट.
शेवभाजीपुढे नुसतं प्रश्नचिन्ह.
मी घड्याळ धरलं:
बारा ते आठ तोंड उघडं,
बाकी सोळा तास पाणी आणि कोरा चहा.

"त्यातले सात झोपेत," कुंदा म्हणाली,
"झोपलेला माणूस उपाशी, हा कसला पराक्रम?
आणि बारा वाजता तुमचं ताट बघा.
एकादशी, दुप्पट खाशी."
मी विचारलं, तुझ्या वहीत ढेकर किती कॅलरीचा?
दोन दिवस बोलणं बंद.
त्याचे कुठे आकडे नाहीत.

मग थंडी आली आणि भारंब्यांच्या मळ्यात भरीत.
कपाशीच्या काड्यांवर वांगी फुटत होती,
बडगीत ठेचा चालला होता, हिरव्या मिरचीचा ठसका
पार बांधापर्यंत.
पुऱ्या तळून झाल्या तेव्हा साडेआठ.
माझं दार अर्ध्या तासापूर्वी लागलेलं.
कुंदा वांग्याकडे बघत होती,
एका वांग्याने किती तेल प्यायलं
हे वांग्यालाच विचारावं तसं.
"जेवा हो," भारंबे म्हणाले, "काय सुतक आहे का?"

आम्ही जेवलो. दोघंही. दोनदा.

तीन महिन्यांनी माझे साडेचार उतरले, तिचे चार.
डॉक्टर म्हणाले, साधारण सारखंच निघतं हे,
ज्याला जे झेपेल ते करा.
आणि तो? तो नाही ना होणार?
त्यांनी पेनाचं टोपण लावलं.
"वजन मोजता येतं, काका."

मथुराअक्काने कधी काही मोजलं नाही.
फैजपूरच्या लग्नात ती आली होती,
ब्लाउजच्या बाह्या ढगळ, बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या.
बायका म्हणाल्या, कशी गं झालीस अशी छान बारीक?
मीही म्हणालो. मीच आधी म्हणालो.
ती हसली, "काही नाही रे, आपोआप."
तिने जिलबी घेतली, अर्धी ठेवली.
ट्रक दहा किलोने हलका आला
तर मी ड्रायव्हरला उतरवून ताडपत्रीखाली बघतो.

परवा रात्री गाड्या उशिरा होत्या,
कुंदा डबा घेऊन आली, पावणेआठला, मुद्दाम.
म्हटलं चल, उभे राहू तुझ्या माझ्यासकट.
साठ टनांचं लोखंड, मधोमध आम्ही दोघं,
ट्यूबलाइटभोवती किडे.
आमचा काटा दहाच्या खाली बोलत नाही.
एकशे साठ. एकशे सत्तर. एकशे साठ.
ठरेना.
"किती?" तिने विचारलं.
तेवढ्यात कानपूरची गाडी वळली,
हेडलाइट आमच्या पोटांवर आले,
ड्रायव्हरने हॉर्न दिला,
आणि आम्ही डबा उचलून बाजूला झालो.
आठ वाजायला सहा मिनिटं होती.